इसार घेण्याआधी आठ दिवस थांबा : जमीन विकायला लावणारे डाव आणि त्यांची उत्तरं

मुळशी : भूगाव, भुकूम, पिरंगुट, माण, हिंजवडी हा पट्टा तर आधीच भरला. आता पौडच्या पुढे मुठा आणि कोळवण खोऱ्यातही जमिनीला गिऱ्हाईक येऊ लागलंय. जमीन विकणं हा काही गुन्हा नाही. लग्न असतं, दवाखाना असतो, मुलांचं शिक्षण असतं, डोक्यावर कर्ज असतं. पण विकायची की नाही, कधी आणि कितीला, हे घरच्यांनी ठरवायला हवं. बऱ्याचदा ते समोरच्या माणसाच्या बोलण्यावर ठरतं आणि पुढे आयुष्यभर चुटपुट लागून राहते.

याच तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. टाटांच्या वीज प्रकल्पाच्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी जात होत्या. तेव्हा जमीन सरकारी कायद्याच्या जोरावर गेली. आज ती आपल्याच सहीनं जाते. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ सिनेमात जमीन विकल्यानंतर घराची काय गत होते ते सगळ्यांनी पाहिलं. सही होण्याआधी ओट्यावर बसून जे बोलणं होतं, त्यात नेमकं काय चालतं ते या लेखात पाहू.

मन वळवण्याचं शास्त्र

रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं विक्रेते माणसाला ‘हो’ कसं म्हणायला लावतात याचा अभ्यास केला. त्यासाठी तो स्वतः विक्रीच्या ट्रेनिंगमध्ये जाऊन बसला. १९८४ साली त्याचं पुस्तक आलं. त्यात सहा मुख्य युक्त्या सांगितल्या आहेत. आपल्याकडचे चांगले एजंट पुस्तक न वाचताही त्या सगळ्या वापरतात.

१. आधी द्यायचं, मग मागायचं

दिवाळीला मिठाईचा बॉक्स येतो, जत्रेला वर्गणी येते, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला गाडी येते. कुणी काही दिलं की आपल्याला ओझं वाटतं. १९७१ च्या एका प्रयोगात एका माणसानं समोरच्याला न मागता कोल्ड्रिंक आणून दिलं आणि नंतर लॉटरीची तिकिटं विकली. ज्यांना कोल्ड्रिंक मिळालं होतं, त्यांनी इतरांपेक्षा जवळपास दुप्पट तिकिटं घेतली.

उत्तर : मिठाईची परतफेड मिठाईनं करा, एकरानं नाही.

२. छोट्या ‘हो’ पासून मोठ्या ‘हो’ पर्यंत

‘नुसता सातबारा दाखवा.’ ‘नुसती मोजणी करू.’ ‘अकरा हजार ठेवा, टोकन म्हणून.’ प्रत्येक पायरी छोटी असते. १९६६ साली अमेरिकेत लोकांना विचारलं गेलं की ‘गाडी सांभाळून चालवा’ असा भलामोठा बोर्ड अंगणात लावू का? सुमारे १७ टक्के लोक तयार झाले. दुसऱ्या गटातल्या लोकांनी दोन आठवडे आधी तशाच अर्थाची छोटीशी पाटी खिडकीत लावायला होकार दिला होता. त्यांच्यातले ७६ टक्के मोठ्या बोर्डालाही तयार झाले. एकदा शब्द दिला की माणूस त्याला धरून राहतो. गावात तर ‘दिलेला शब्द’ म्हणजे इज्जतच.

उत्तर : ‘मी कागद दाखवले, शब्द दिला नाही’ असं तोंडावर सांगा. टोकन घरात ठेवूच नका.

३. ‘सगळ्यांनी दिली, तुम्हीच राहिलात’

शेजारच्या चार गटांची नावं सांगितली जातात. त्यातल्या दोघांनी अजून काहीच ठरवलेलं नसतं आणि त्यांना तुमचं नाव सांगितलेलं असतं.

उत्तर : शेजाऱ्याला स्वतः जाऊन विचारा. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये गट नंबर टाकला की नोंदलेल्या व्यवहाराची सूची-२ मोफत पाहायला मिळते. खरंच विकली का, आणि कागदावर कितीला, ते त्यात असतं.

४. ओळखीतला माणूस

बाहेरचा बिल्डर थेट येत नाही. भाच्याचा मित्र येतो, नाहीतर सोयऱ्यातला कुणी येतो. ‘मामा, मी तुमचं वाईट करीन का?’ या प्रश्नाला नाही म्हणणं अवघड.

उत्तर : नातं आणि दलाली वेगळी ठेवा. सरळ विचारा, ‘तुला यात किती मिळणार?’ यात रागावण्यासारखं काही नाही. जो प्रामाणिक आहे तो आकडा सांगतो.

५. मोठ्या माणसाचं नाव

‘साहेबांचं लक्ष आहे यात’, ‘तहसीलमध्ये आपला माणूस आहे’. पांढरी गाडी, सोबत वकील, जाड फाईल. नाव मोठं घेतलं की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो.

उत्तर : वकील त्यांचा असतो. तुमचा वकील तुम्ही आणा आणि फी तुम्ही द्या.

६. ‘आज नाही तर कधीच नाही’

हा सगळ्यात जोरदार डाव. १९७५ च्या एका प्रयोगात एकाच प्रकारची बिस्किटं दोन बरण्यांत ठेवली होती. एकीत दहा, दुसरीत दोनच. दोन बिस्किटांच्या बरणीतलं बिस्कीट लोकांना जास्त हवंसं वाटलं. कमी आहे म्हटलं की किंमत वाढते. त्यात नुकसानीची भीती घातली की झालंच. ‘रिंग रोडमध्ये जाणार, सरकार फुकटात घेईल’ हे त्यातलंच.

उत्तर : रिंग रोडचा पश्चिम भाग मुळशीतून जातो हे खरं. पण कोणता गट जातो ते अधिसूचनेत गट नंबरासकट लिहिलेलं असतं. तलाठी किंवा प्रांत कार्यालयात विचारा. आणि सरकार फुकटात घेत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात बाजारभावाला गुणक लागतो आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते.

पहिला आकडा कोण बोलतो?

सहा डावांशिवाय आणखी एक गोष्ट. समोरचा मुद्दाम कमी आकडा आधी बोलतो. मग घासाघीस त्याच्याच आसपास होते आणि थोडे वाढवून मिळाले की आपणच जिंकलो असं वाटतं. म्हणून आसपासचे दोन-तीन व्यवहार आधी पाहून आपला आकडा कागदावर लिहून ठेवा. रेडी रेकनरचा दर हा मुद्रांक शुल्कासाठी असतो. तोच बाजारभाव समजू नका.

सही केली की काय होतं

‘इसार पावती म्हणजे काय, नुसती चिठ्ठी’ असं सांगितलं जातं. तसं नाही. इसार पावतीनं किंवा साठेखतानं मालकी जात नाही, पण ठरलेला व्यवहार पूर्ण करून द्या म्हणून समोरचा कोर्टात दावा लावू शकतो. पावती नोंदलेली नसली तरी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा दावा टाळणं आणखी अवघड झालंय. दावा चालू आहे तोवर दुसरा गिऱ्हाईकही जवळ येत नाही.

कुलमुखत्यारपत्राला याहून जास्त जपा. ‘ऑफिसच्या चकरा वाचतील’ म्हणून दिलेल्या कागदावर विक्रीचा अधिकार लिहिलेला असू शकतो. पैसे घेऊन दिलेलं आणि ‘रद्द न होणारं’ असं लिहिलेलं कुलमुखत्यारपत्र नंतर मोडणं फार कठीण. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही किंवा अंगठा कधीच नाही.

बहिणींची सही

२००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. म्हणून व्यवहार आला की बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतात. इथे दबाव एजंटचा नसतो, माहेर तुटायच्या भीतीचा असतो. ताईनं मनानं हक्क सोडला तर तिची मर्जी. पण तिला जमिनीची किंमत सांगा, कागद वाचून दाखवा आणि विचार करायला वेळ द्या. नंतरची कोर्टकचेरी त्यानंच टळते.

पैसे आल्यावर दुसरा एजंट येतो

जमिनीचे पैसे खात्यात आले की योजना दारात येतात, आणि डाव तेच. पर्ल्स म्हणजे पीएसीएल कंपनीनं जमिनीच्या नावानं देशभरात सुमारे ५.८ कोटी लोकांकडून ४९ हजार कोटींच्या वर रुपये गोळा केले. २०१४ साली सेबीनं ते परत करायचा आदेश दिला. २०१९ साली इस्लामपूरचं कडकनाथ कोंबडीपालन गाजलं, पक्षी द्यायचे आणि अंडी जादा भावानं परत घ्यायची अशी ती हमी होती. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस दुकानापुढे पैसे बुडालेल्यांची गर्दी झाली. तिथे दर आठवड्याला परतावा सांगितला होता. पहिले हप्ते वेळेवर येतात, आणि तेच बघून पाहुणेरावळे पैसे घालतात.

घरात ठरवून ठेवायचे पाच नियम

• कुठल्याही व्यवहाराला आठ दिवस. खरा गिऱ्हाईक आठ दिवसांनीही येतो.
• एकट्यानं बोलणी नाहीत. घरातली बाई आणि शिकलेलं पोर सोबत बसलं पाहिजे.
• हॉटेलात, गाडीत किंवा जेवणावळीत सही नाही.
• तोंडी सांगितलेली प्रत्येक गोष्ट कागदावर हवी. ‘ते नंतर बघू’ म्हणजे ते नाही.
• नकाराला कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर तोड काढली जाते. ‘आम्हाला नाही द्यायची’ एवढं पुरे.

फसवणूक झालीच तर

खोटं सांगून किंवा गैरवाजवी दबाव टाकून घेतलेली संमती १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे रद्द करून घेता येते. पण लवकर हालचाल करावी लागते आणि पुरावा लागतो. म्हणून मेसेज, पावत्या, कॉल रेकॉर्डिंग जपून ठेवा.

• ऑनलाइन पैसे गेले : १९३०, लगेच
• ग्राहक तक्रार : १९१५
• मोफत कायदेशीर सल्ला : १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकीलही मिळतो.
• ठेव योजनेत फसवणूक : पोलिसांत तक्रार द्या. ठेवीदारांसाठी राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, त्यात कंपनीची मालमत्ता जप्त होऊ शकते.

घरातली वडीलधारी माणसं मोबाइल वापरत नसतील तर त्यांना हे वाचून दाखवा. सातबाऱ्यावर बहुतेक त्यांचंच नाव असतं, आणि एजंट आधी त्यांच्याकडेच जातो.