पाताळ भैरवी : पडद्यावरून सुरभीच्या रंगमंचावर

भीतीचा चित्रपट गाण्यांसह मंचावर आणता येतो का? परदेशातले ठळक उदाहरण म्हणजे ‘द फ्लाय’. डेव्हिड क्रोनेनबर्ग यांच्या १९८६ च्या या भयपटाचा ऑपेरा २००८ मध्ये पॅरिस आणि लॉस एंजेलिस येथे झाला. चित्रपट आणि ऑपेरा, दोन्हींचे संगीत हॉवर्ड शोअर यांचे. याच्या जवळचा प्रयोग आपल्या हैदराबादेतच बघायला मिळतो.

चित्रपट
के. व्ही. रेड्डी दिग्दर्शित तेलुगू ‘पाताळ भैरवी’ (१९५१) ही तशी अद्भुतकथा; पण तिचा कणा भीतीचाच. नेपाळी मांत्रिक माळ्याच्या मुलाला, रामुडूला, देवीपुढे बळी देण्यासाठी नेतो. बेत कळल्यावर रामुडू मांत्रिकाचाच बळी देतो. पुढे मांत्रिक पुन्हा जिवंत होऊन उलटतो. रामुडू झाले एन. टी. रामाराव, मांत्रिक एस. व्ही. रंगाराव, संगीत घंटसाला यांचे.

मंचावर
हीच कथा सुरभी ‘जय पाताळ भैरवी’ या नावाने करते. कॅमेरा मांत्रिकाचे डोळे पडदाभर दाखवतो. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ते दिसत नाहीत. म्हणून इथे भीती उभी राहते ती आवाज, धूर, क्षणात बदलणारे रंगवलेले पडदे आणि तारांवरून हवेत जाणारी पात्रे यांतून. हार्मोनियम-तबल्याची साथ प्रत्यक्ष असते. ऑपेरात बहुतेक सगळे गाऊनच सांगतात. सुरभीत मात्र आपल्या संगीत नाटकासारखे गद्य आणि पद्य दोन्ही असते.

सुरभी आणि आपण
किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’नंतर पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, कडपा जिल्ह्यातील सुरभी गावी ‘कीचकवध’ करून ही परंपरा सुरू झाली. तिचे वनारस घराणे मूळचे महाराष्ट्रातले, बाहुल्यांचे खेळ करणारे. स्त्रियांच्या भूमिका घरातल्या स्त्रियाच करत आल्या. लिंगमपल्लीच्या मंडळीचे प्रमुख नागेश्वरराव ऊर्फ बाबजी यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली; २०२२ मध्ये ते गेले.

एके काळच्या अनेक मंडळ्यांपैकी आज बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. पडदे आणि तारांची ही विद्या मुले घरातच, मोठ्यांच्या हाताखाली शिकतात. प्रयोग थांबले तर तीही थांबेल. म्हणून सभासदांना आमचे सांगणे एवढेच: पुढचा प्रयोग लागला की तिकीट काढून, मुलांना घेऊन जा. तेलुगू त्यांना कळतेच, आणि आजी-आजोबांना पद्यांचा बाज ओळखीचा वाटेल.