दंतक्षय व लेसर वर्णपटविज्ञान

दंतक्षय व लेसर वर्णपटविज्ञान : लेसर प्रकाशाच्या साहाय्याने निरोगी व किडलेल्या दातांतील खनिज घटकांचे स्वरूप आणि प्रमाण ठरविण्याच्या पद्धतींचा अभ्यास. दाताला पोकळी पडण्यापूर्वी दीर्घकाळ त्यातील खनिज विरघळत असते. ही हानी वेळीच ओळखल्यास दात न कोरताही तो सावरता येतो. त्यामुळे दाताला कमीत कमी इजा करून ही हानी कशी मोजावी, हा या अभ्यासाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

दाताचे बाह्य आवरण म्हणजे दंतवल्क. वजनाने त्याचा सु. ९६% भाग खनिजाचा असतो. त्याखालील दंतिनात हे प्रमाण सु. ७०% असते. हे खनिज हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटाच्या वर्गातील असून त्याच्या स्फटिकांत कार्बोनेट, मॅग्नेशियम, सोडियम, स्ट्राँशियम, जस्त, फ्ल्युओराइड इ. घटक अल्प प्रमाणात असतात. तोंडातील सूक्ष्मजंतू शर्करेपासून अम्ले तयार करतात. पीएच मूल्य सु. ५·५ च्या खाली गेले म्हणजे दंतवल्क विरघळू लागते. लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट यांमुळे ही झीज काही अंशी भरून निघते. भरपाई अपुरी पडल्यास प्रथम पांढुरका डाग व पुढे पोकळी निर्माण होते.

इतिहास : प्रत्येक मूलद्रव्य आपल्या विशिष्ट वर्णरेषांवरून ओळखता येते, हे जर्मनीतील हायडल्बर्ग येथे किरखोफ व बन्सन यांनी १८५९-६० मध्ये दाखविले. दंतवैद्यकास या तत्त्वाचा मोठा लाभ १९३१ मध्ये झाला. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील रहिवाशांच्या दातांवर आढळणाऱ्या तपकिरी डागांचा अभ्यास फ्रेडरिक मकाय हे दंतवैद्य अनेक वर्षे करीत होते. असेच डाग आढळलेल्या आर्‌कॅन्सॉ राज्यातील बॉक्साइट या गावच्या पाण्याची वर्णपटीय तपासणी रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या प्रयोगशाळेत झाली. तीत फ्ल्युओराइडाचे प्रमाण दशलक्ष भागांत १३·७ भाग इतके आढळले. डागाळलेले हे दात कमी किडतात, असेही निदर्शनास आले होते. एच. ट्रेंडली डीन यांच्या पुढील संशोधनातून पिण्याच्या पाण्यात अल्प फ्ल्युओराइड मिसळण्याची योजना निघाली व ती १९४५ मध्ये मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स येथे प्रथम अंमलात आली.

पाण्याची तपासणी सोपी होती; दाताची तशी नव्हती. रासायनिक विश्लेषणासाठी दाताचे चूर्ण वा विद्राव करावा लागे. त्यामुळे किडीचा सूक्ष्म भाग व शेजारचा निरोगी भाग यांची वेगवेगळी तपासणी करणे अवघड होते.

ही अडचण दूर करण्याचे साधन थीओडोर मेमन यांच्या १९६० मधील माणिक लेसरामुळे लाभले. १९६२ मध्ये ब्रेक व क्रॉस यांनी लेसराने पदार्थाचे बाष्प करून वर्णपटीय विश्लेषण करण्याची पद्धती मांडली. १९८१ च्या सुमारास लॉस ॲलामॉस येथे लोरी व रॅडझिमस्की यांनी तिला आजच्या स्वरूपाकडे नेले. या पद्धतीत काही नॅनोसेकंदांचा लेसर स्पंद भिंगाने दातावरील एका बिंदूवर एकवटतात. तेथील किंचित द्रव्याचे अतितप्त आयनद्रायूत रूपांतर होते व त्याच्या प्रकाशातील रेषांवरून मूलद्रव्ये ओळखतात.

वेल्समधील स्वान्सी येथे सामेक, बेडोज, टेल व त्यांचे सहकारी यांनी १९९९ ते २००१ या काळात ही पद्धती दातांना लावली. किडलेल्या भागात कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या रेषा क्षीण होतात, तर त्यांच्या तुलनेत मॅग्नेशियम, जस्त, स्ट्राँशियम, कार्बन इत्यादींच्या रेषा प्रबळ दिसतात, असे त्यांना आढळले. विवेक सिंग व अवधेश कुमार राय यांनीही २०११ मध्ये किडलेले दात ओळखण्यासाठी या पद्धतीची उपयुक्तता प्रतिपादन केली.

दुसरी पद्धती रामन परिणामावर आधारलेली आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कलकत्ता येथे १९२८ मध्ये शोधलेला हा परिणाम अतिशय क्षीण असल्याने लेसर उपलब्ध झाल्यावरच त्याचा व्यापक वापर शक्य झाला. दंतवल्कातील फॉस्फेटाची ठळक रेषा सु. ९६० प्रति सेंमी. येथे मिळते. किडीमुळे स्फटिकांची सुसंगत मांडणी बिघडली की या रेषेच्या ध्रुवणात फरक पडतो. या पद्धतीत दाताचे द्रव्य खर्ची पडत नाही.

मर्यादा : आयनद्रायूच्या पद्धतीत दातावर सूक्ष्म खळगा पडतो. शिवाय रेषांच्या तुलनेवरून मिळते ते मूलद्रव्यांचे परस्परप्रमाण होय. कॅल्शियम घटल्यास मॅग्नेशियम प्रत्यक्षात न वाढताही वाढल्यासारखे भासते. उलट, दंतवल्कातील किडीच्या आरंभी मॅग्नेशियम अग्रक्रमाने नष्ट होते, असे १९७२ मध्ये रासायनिक विश्लेषणाने दिसून आले होते. दंतिनात मॅग्नेशियम मुळातच अधिक असल्याने दंतिनातील किडीची तुलना निरोगी दंतवल्काशी केल्यास निष्कर्ष फसवा ठरतो. फ्ल्युओरिनाच्या रेषा हवेत क्षीण असल्याने ते बहुधा कॅल्शियम फ्ल्युओराइडाच्या रेणवीय पट्टांवरून अप्रत्यक्षपणे ओळखावे लागते. यांपैकी बहुतेक संशोधन काढलेल्या दातांवर झालेले आहे. किडीचा भाग व तुलनेचा निरोगी भाग एकाच ऊतकातील असणे, ही अशा मापनाच्या विश्वसनीयतेची पहिली अट होय.