गाठीची परीक्षा आणि १८९७ ची साथ

लसीकाग्रंथींची सूज बोटांना सहज लागते अशा जागा मुख्यतः तीन : मान, काख आणि जांघ. मराठीने या तिन्ही ठिकाणच्या विकारांना निरनिराळी नावे दिली : गंडमाळ, काखमांजरी व अवधाण. यांपैकी अवधाण हा शब्द विशेष बोलका आहे. पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, ही समजूत त्यात गृहीत आहे. सूज एके ठिकाणी व तिचे मूळ दुसरीकडे, हा संबंध लोकव्यवहाराने ओळखला होता. शरीरशास्त्राने तो लसीकावाहिन्यांच्या आधारे उलगडला. या वाहिन्यांना ते नाव टॉमस बार्टोलिन याने १६५३ मध्ये दिले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि या परिचित लक्षणाचा अर्थ पालटला. पिसू बहुधा पायास चावते, म्हणून प्लेगची गाठही बहुधा जांघेतच उद्भवते. तिचे 'ब्यूबो' हे युरोपीय नावही जांघ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेले आहे. मराठीत 'ग्रंथिक सन्निपात' हे संस्कृत नाव रूढ झाले.

४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने रेल्वेच्या उतारूंची तपासणी करण्याचा अधिकार सरकारास दिला. काखा व जांघा चाचपणे ही आता उघड्यावरची क्रिया झाली. वस्तुतः गाठ सापडणे म्हणजे निदान नव्हे. प्लेगची गाठ एकाएकी, तीव्र ज्वरासह उठते व स्पर्श सहन करीत नाही. क्षयाची गाठ सावकाश वाढते व बहुधा दुखत नाही. अवधाणाचे कारण पायावर शोधावे लागते. हा विवेक करण्यास रोग्यास प्रश्न विचारावे लागतात. फलाटावरील घाईत त्यास अवसर थोडा. शिवाय फुप्फुसाच्या प्लेगात गाठ नसतेही; म्हणजे श्वासावाटे पसरणारा प्रकारच अशा चाचपणीतून निसटू शकत होता.

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या. स्त्रियांच्या देहतपासणीने क्षोभ वाढला. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्या कृत्याची कारणे अनेक होती. तथापि देहास परक्या हाताचा स्पर्श हे त्यांतील गौण कारण नव्हे. वैद्याच्या हातातील लक्षण शासनाच्या हाती गेले, तेव्हा त्यातील प्रश्न गळाला आणि केवळ संशय उरला.