दार विठोबानं लावलं नव्हतं



आषाढी आली की आपण म्हणतो, विठोबा सगळ्यांचा. पण त्याच्या देवळाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. संत चोखामेळा यांना शिवाशिवीमुळे आत पाऊल टाकता आलं नाही. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांच्या पत्नी सोयराबाई आणि बहीण निर्मळा, दोघींनीही विठोबाचे अभंग रचले. तरी त्यांच्या समाजासाठी दार शेकडो वर्षं बंदच राहिलं. ते विठोबानं लावलं नव्हतं. माणसांनी लावलं आणि त्याला रीत म्हटलं.

‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी आपल्याला माहीत आहेत. देवळं आणि पाणवठे सर्वांना खुले करा, असं सांगत ते काही महिने गावोगाव फिरले. मग १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं. विरोधही झाला. शेकडो वर्षांची रीत मोडायची कशी, असं म्हणणारेही विठोबाचे भक्तच होते. शेवटी मंदिर खुलं करायचं मान्य झालं आणि १० मेला उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

मग देव बाटला का? वारी थांबली का? आज लाखो माणसं पंढरीला जातात. रीत गेली, भक्ती राहिली.

आता आपल्या घरात डोकावू. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. आपण ही बातमी ऐकली, छान म्हटलं आणि विसरलो. आमच्याच गटातली एक ताई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत चहा करत बसते. वाण घ्यायला बाहेर येत नाही. बचतीचा हप्ता मात्र तिचाच सगळ्यांच्या आधी येतो. तिला कुणी ‘येऊ नको’ म्हटलं नाही. पण ‘ये’ असंही आम्ही कधी म्हटलं नाही. म्हणजे ते दार आम्हीच लावलं होतं.

या संक्रांतीला पहिलं वाण तिला द्यायचं, असं आम्ही ठरवलंय. तुमच्या गटात अशी कोण आहे? पुढच्या बैठकीत तिचं नाव घ्या आणि तिला बोलवायला दोघीतिघी मिळून घरी जा.