एअरगनची दुर्बीण सारखी का बिघडते? नवी घेण्याआधी हे वाचा

देवनार (मुंबई उपनगर) : एअरगनवर नवी दुर्बीण बसवली, सुरुवातीला नेम बरोबर लागला आणि थोड्याच दिवसांत छर्रे कधी डावीकडे, कधी वर जायला लागले. अशा वेळी हात चुकतोय असं वाटतं. पण बऱ्याचदा दोष दुर्बिणीत किंवा ती धरून ठेवणाऱ्या माउंटमध्ये असतो. त्यामागचं कारण म्हणजे बंदुकीचा धक्का.

स्प्रिंगच्या एअरगनला दोन धक्के

बारूदच्या रायफलीचा धक्का मोठा असतो, पण तो मुख्यतः मागच्या दिशेने बसतो. साध्या दुर्बिणीतली भिंगं तेवढाच धक्का सोसायला बसवलेली असतात.

स्प्रिंगच्या एअरगनचं गणित वेगळं आहे. ४.५ मिमीचा छर्रा जेमतेम अर्धा ग्रॅमचा, पण आतला पिस्टन साधारण पाव किलोचा. घोडा दाबला की पिस्टन पुढे झेपावतो आणि बंदूक मागे सरकते. लगेच पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो आणि बंदूक पुढे हिसका खाते. या उलट्या हिसक्याने दुर्बीण मोडते. म्हणून ‘मोठ्या रायफलीवर चालते, मग एअरगनवर चालणारच’ हा समज चुकीचा आहे.

रिकामी एअरगन उडवली तर पुढे हवेची गादी नीट तयार होत नाही आणि पिस्टन जोरात आदळतो. नळीत जास्त तेल सोडलं तर ते आत पेट घेतं आणि धक्का आणखी वाढतो. या दोन्ही सवयी टाळा.

दुर्बिणीत काय बिघडतं?

- आतली फुली (क्रॉसहेअर) तुटते किंवा तिरकी होते.
- नेम सरकवणाऱ्या नळीची स्प्रिंग ढिली पडते, मग प्रत्येक बारला नेम बदलतो.
- भिंग सैल होतं, हलवलं की खुळखुळ आवाज येतो.
- सील जातं आणि पावसाळ्यात आतून धुकं धरतं. घरी उघडून पुसल्याने ते थांबत नाही, उलट ओल आणखी शिरते.

फेकण्याआधी माउंट तपासा

दुर्बीण चांगली असूनही माउंट सरकल्याने नेम जातो. माउंटच्या मागे बंदुकीवर पेन्सिलने रेघ मारा आणि २० बार उडवा. माउंट रेघेवरून हललं असेल तर दोष पकडीचा आहे.

माउंट जागेवरच असेल तर दुर्बीण तपासा. १० मीटरवर, बंदूक टेकवून, एकाच खुणेवर नेम धरा आणि छर्रा सोडा. मग नेमाची चकती ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली आणि ४० डावीकडे फिरवा. प्रत्येक वेळी छर्रा त्याच खुणेवर नेम धरून सोडा. पाव मिनिटाच्या (१/४ एमओए) क्लिकची दुर्बीण असेल तर कागदावर साधारण ३ सेंटीमीटरचा चौकोन उमटतो. शेवटचा छर्रा पहिल्या भोकाजवळ आला नाही, तर आतली यंत्रणा गेली असं समजा. मागे भक्कम मातीचा बांध आणि आसपास कुणी नाही याची खात्री करूनच हे करा.

नवी घेताना

१. डब्यावर ‘एअरगन’ किंवा ‘स्प्रिंगर’साठी योग्य असं स्पष्ट लिहिलेलं हवं.
२. वजनाने हलकी घ्या. दुर्बीण जितकी जड, तितका माउंटवर ताण जास्त.
३. ४ पट किंवा ३ ते ९ पट पुरे. जास्त पट म्हणजे जास्त मजबूत असं नाही.
४. १० मीटरवर चित्र स्पष्ट व्हायला हवं. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांवर जुळवलेल्या असतात.
५. आत नायट्रोजन भरलेली असेल तर धुकं धरत नाही.
६. माउंट एकसंध, अडकवणीची पिन असलेलं घ्या. स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. फार आवळले तर नळी चेपते.
७. बदलून देण्याची लेखी हमी आणि पक्कं बिल मागा.

दाबलेल्या हवेच्या (पीसीपी) बंदुकीला धक्का फार कमी, त्यामुळे तिच्यावर साधी दुर्बीणही टिकते.

स्पर्धेसाठी दुर्बीण नकोच

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते छिद्रातून नेम धरणाऱ्या साईटवर. ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर दुर्बिणीचा खर्च वाचवा आणि प्रशिक्षकाला विचारा.

कायदा लक्षात ठेवा

४.५ मिमीपेक्षा मोठ्या नळीची किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीची एअरगन असेल तर शस्त्र परवाना लागतो. कोणत्याही एअरगनने मोर, ससा किंवा इतर वन्यप्राणी मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. रानडुकरांनी पिकाचं नुकसान केलं तर आधी वनखात्याकडे अर्ज करा.