बॉनेटखालचं दुसरं इंजिन

महिंद्राची जुनी सीजे-3बी जीप लांबूनच ओळखू येते ती तिच्या उंच बॉनेटमुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं बॉनेट बसकं होतं. हिचं उठलेलं आहे आणि ते दिसण्यासाठी नव्हे, इंजिनासाठी. युद्धातल्या 'गो डेव्हिल' इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, बाजूला होते. विलीजने त्याच 2,199 सीसीच्या आकारात 'हरिकेन' इंजिन बेतलं आणि इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. 60 अश्वशक्तीचं इंजिन सत्तरच्या पुढे गेलं, पण उंचही झालं. जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा 1953 साली कंपनीने बाकी गाडी जवळपास तशीच ठेवून बॉनेट वर उचललं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जिला 'असली जीप' म्हटलं गेलं, ती मुळातच जुन्या अंगात नवं इंजिन बसवलेली गाडी होती.

हे हरिकेन पेट्रोल मात्र पाण्यासारखं प्यायचं. 1973 च्या तेलसंकटानंतर ते परवडेनासं झालं. डिझेल पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त होतं आणि महिंद्रांच्या भागीदारीतल्या कंपनीत इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बनतच होतं. तेच जीपमध्ये आलं. चढावर, चिखलात त्याला तोड नव्हती. पण ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला जेमतेम दोन हजार फेऱ्यांपर्यंत चालणारं, हरिकेन चार हजारांचं. मागचा क्राऊन-पिनियन तोच ठेवला तर डांबरी रस्त्यावर गाडी रडायला लागते.

त्यावर खरा तोडगा निघाला तो फ्रान्सच्या पूझोशी झालेल्या करारातून. एक्सडीपी 4.90 हे त्यांचं डिझेल इंजिन महिंद्रांनी इगतपुरीच्या कारखान्यात बनवायला घेतलं. 4 सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर, म्हणून 4.90, एकूण 2,112 सीसी. ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा हे खूपच चपळ. 540 सारख्या नव्या जीपमध्ये ते कंपनीतूनच येई आणि जुन्या पेट्रोल जीपवाल्यांनी ते गॅरेजमध्ये बसवून घेतलं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडाप, म्हणजे खासगी प्रवासी जीप, चालवणाऱ्यांचं गणितच डिझेलवर उभं होतं.

इंजिन बदलण्याचं हे काम करणाऱ्या मिस्त्रींची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत, पण त्यांचं कसब इतिहासात मोजायलाच हवं. पेट्रोल इंजिन उतरवलं की पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा. जुना गिअरबॉक्स आणि नवं इंजिन यांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये लोखंडाची जाड प्लेट लेथवर करून घ्यायची. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आलेच पाहिजेत. केसभर फरक राहिला तरी बेअरिंग ओरडतं आणि क्लचप्लेट टिकत नाही. मग चासीवर नवी फाउंडेशनं वेल्ड करायची. डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढच्या पाट्यांत एखादं पान वाढवायचं. जुन्या जीपची वीज 6 व्होल्टची असेल तर ती 12 वर न्यायची, कारण हीटर प्लग आणि दमदार स्टार्टर त्याशिवाय चालत नाहीत. एवढं करून ब्रेक मात्र अनेकदा जुनेच राहत, आणि या धंद्यातली सर्वांत मोठी उणीव तीच होती.

अॅम्बॅसिडरचीही गोष्ट अशीच. 1957 पासूनच्या त्या बॉडीत बीएमसीचं 1,489 सीसी पेट्रोल, 1980 च्या सुमारास त्याच मापाचं 37 अश्वशक्तीचं डिझेल आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जपानी इसुझूचं 1,817 सीसी इंजिन आलं. इसुझूबरोबर पाच गिअरचा बॉक्स आला आणि स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा खाली फ्लोअरवर गेला. गॅरेजवाले तिच्यात मेटाडोरचं डिझेलही बसवत. ते पुण्याच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं.

2014 साली डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, पेट्रोलशी असलेली तफावत घटली आणि हा धंदा मंदावला. त्यात 2021 साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले: गाडी 50 वर्षांहून जुनी हवी, शिवाय चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. त्यामुळे काही मालक आता चांगलं चालणारं डिझेल उतरवून हरिकेनच्या शोधात भंगारवाडे पालथे घालतात. ते त्यांच्या आवडीचं आहे, पण नियमाची व्याख्या अपुरी आहे. डिझेल बसवलेली साठच्या दशकातली जीप ही तेलसंकटाची आणि इगतपुरीच्या कारखान्याची नोंद आहे. अशा गाड्यांसाठी वेगळा वर्ग करणं अवघड नाही. रीतसर परवानगी घेऊन बदललेल्या गाडीच्या आरसी बुकात नवा इंजिन नंबर आणि बदललेलं इंधन आरटीओच्या शिक्क्यानिशी लिहिलेलं असतं.