घरपट्टीचा माग : औंधच्या आटपाडीपासून नगरपंचायतीपर्यंत

आटपाडी तालुक्यात घरपट्टीचा विषय निघाला की एक तक्रार हमखास कानावर येते : "शेजारच्या गावात कमी आहे, मग आमच्याच माथी एवढी का?" तक्रार रास्त आहे. तिचं उत्तर मात्र एका पंचायतीच्या दप्तरात सापडत नाही, त्यासाठी बरंच मागं जावं लागतं.

पेशवाईतही घरांवर कर होता. कारागीर आणि दुकानदारांकडून मोहतर्फा घेतला जायचा, घरपट्टीही असायची. पण आकारणी घर बघून कमी आणि घरातलं माणूस बघून जास्त व्हायची. वतनदार, हक्कदार, देवस्थानाशी बांधलेली माणसं यांना अनेक ठिकाणी सूट मिळे आणि बोजा राबणाऱ्यांवर पडे. घरावरचा कर लोकांना किती झोंबतो, हे कंपनी सरकारला बनारसमध्ये कळलं. १८१० साली तिथं नवी घरपट्टी जाहीर झाली, तसे लोक कामधंदा बंद ठेवून शहराबाहेर धरणं धरून बसले. पुढच्याच वर्षी ती मागं घ्यावी लागली.

आपल्या भागात फरकाची पहिली रेघ राजवटींनी ओढली. १८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं. १८५० च्या नगरपालिका कायद्याचा आधार घेऊन सातारा, इस्लामपूर, विटा इथं त्याच दशकात नगरपालिका आल्या आणि दिवाबत्ती, झाडलोट यांसाठी गावानं स्वतः पैसा उभा करण्याची रीत सुरू झाली. आटपाडी मात्र औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींकडं होती. म्हणजे विट्याचा माणूस इंग्रजी मुलखातला, आटपाडीचा संस्थानी. मधलं अंतर चाळीस-पन्नास किलोमीटरांच्या आतलं, पण कर कुणी बसवायचा आणि कुठं खर्चायचा, याचे नियम निराळे.

औंधची गोष्ट इथं जरा थांबून सांगायला हवी, कारण आपल्याच तालुक्यात तिचा विसर पडलाय. १९३९ साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवणारी घटना लागू केली. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता, राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांची मेहनत होती. या घटनेचा पाया होता गावपंचायत. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, कैद्यांची बिनभिंतींची वसाहत, याच काळातलं. माझ्या मते औंधचा खरा धडा कराच्या बाबतीत आहे : गावाचा पैसा कुठं जातो हे ठरवायला गावच बसलं, तर त्या पैशाकडं बघायची लोकांची नजर बदलते.

१९४८ साली औंध मुंबई राज्यात विलीन झालं. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं आणि १९६५ ला आटपाडी स्वतंत्र तालुका झाला. पण जिल्हा बदलल्यानं घरपट्टी बदलली नाही. ती ठरवण्यात जिल्ह्याला फारसं स्थान नाही. आपल्याकडं शीव ओलांडली की आकडा बदलतो.

त्याचं कारण १९५८ चा ग्रामपंचायत कायदा. त्यातल्या कलम १२४ नं पंचायतीला घरपट्टीचा अधिकार दिला, १९६० च्या नियमांनी पद्धत घालून दिली. नमुना ८ म्हणजे आकारणीची नोंदवही, नमुना ९ मागणीची. पुढं आकारणीच्या पद्धतीचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि ३१ डिसेंबर २०१५ रोजी नियम बदलून भांडवली मूल्यावर कर आला. जागेचं क्षेत्र गुणिले रेडी रेकनरचा दर, त्यात बांधकामाचं मूल्य मिळवायचं, पण घसारा धरून. मग वापराचा भारांक : राहत्या घराला १, दुकानाला १.२५. शेवटी हजार रुपयांमागं किती पैसे घ्यायचे, तो दर. सरकारनं त्याची खालची आणि वरची मर्यादा आखलीय, मधला आकडा पंचायतीनं ठरवायचा.

फरक पडतो तो इथं. दहा लाख भांडवली मूल्याचं स्लॅबचं घर घ्या. एका पंचायतीनं हजारी सव्वा रुपया ठरवला तर पट्टी १,२५० रुपये, शेजारणीनं पावणेदोन ठरवला तर १,७५०. घर तेच, वर्षाला पाचशेचा फरक. त्यावर दिवाबत्ती, आरोग्य, पाणी यांचं वेगळं.

आमच्या भागात आणखी एक पेच आहे. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेल्या माणसांनी गावी टोलेजंग घरं बांधली, ती वर्षातले बरेच महिने कुलपात असतात. शेजारी आजोबांच्या वेळचं दगडमातीचं माळवद, त्यात बारा महिने माणसं. बांधकामाच्या दरानं पहिल्याची पट्टी कितीतरी जास्त येते आणि ते योग्यच आहे. जुन्या घराला घसाऱ्यानं दिलासा मिळतो, तोही योग्य. पण नमुना ८ वर्षानुवर्षं जुनाच राहिला, माळवद पडून स्लॅब आला तरी नोंद 'दगडमाती'च, असं झालं की सारं गणित फसतं. चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी, पण सरपंचाला त्याच घरांत मतं मागायला जायचं असतं. मागणी होऊनही तीन महिन्यांत कर न भरणाऱ्याचं सदस्यत्व धोक्यात येतं, म्हणून निवडणूक आली की इच्छुकांची थकबाकी भराभर भरली जाते. बाकीच्यांची तशीच पडून राहते. दराच्या फरकापेक्षा हा अन्याय मला जास्त सलतो.

आता आटपाडीची नगरपंचायत झालीय. म्हणजे १९६५ चा नगरपालिका कायदा लागू. त्यात घराचं भाडं वर्षाला किती येईल हा हिशोब, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा. नगरपालिकांच्या हद्दीत घरपट्टीच्या बिलातच राज्याचा शिक्षण करही येतो. त्यामुळं शहराच्या वेशीबाहेरच्या वस्तीवरलं घर आणि वेशीतलं घर यांच्या पट्टीत यापुढं अंतर पडणार, तेही एकाच तालुक्यात. आकारणीची यादी प्रसिद्ध झाली की हरकतीसाठी मुदत असते. त्या मुदतीत आपल्या घराचं क्षेत्र, बांधकामाचा प्रकार आणि वापर या तीन नोंदी प्रत्येकानं तपासून घ्याव्यात. चूक दिसली तर लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.